चाकोरी आणि चारचाकी

चाकोरी हा शब्द आता बहुतेक उपदेशापुरता उरला आहे. चाकोरी मोडा, चाकोरीबाहेर विचार करा, असं आपण मुलांना सांगतो आणि मूळ वस्तू विसरतो. नगर जिल्ह्यातल्या नेवासा, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगावच्या काळ्या रानात ती वस्तू अजून डोळ्यांना दिसते. पावसाळ्यात पाणंदीतली माती फुगते, दिवाळीनंतर त्याच ओलसर वाटेवरून उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागतात आणि चाकं खाली दोन खोल नाळी कोरतात. मध्ये हातभर रुंदीचा वरंबा उरतो, त्यावर गवत माजतं. उन्हाने ती माती वाळली की विटेसारखी कडक होते. मग पुढच्या पावसापर्यंत त्या वाटेने येणाऱ्या प्रत्येक वाहनाची तिथे एकच परीक्षा असते: चारही चाकं नाळीत उतरल्यावर गाडीचं पोट वरंब्याला घासतं की नाही? ज्या गाडीचं घासत नाही ती जीप, जिचं घासतं ती कार, एवढी विभागणी या भागाला कितीतरी वर्षं पुरली. आता या दोन जातींच्या मधली तिसरी जात आली आहे. ती समोरून जीपसारखी दिसते, उंच बसवते, बाजूंना काळ्या प्लॅस्टिकचं जाड चिलखत घालते. पण आतून तिची हाडं कारची आहेत. तिला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि शोरूममध्ये तिची ओळख ‘फॅमिली’ची गाडी म्हणून करून दिली जाते. दणकट गाडी अशी घरगुती होत गेली, हे चांगलं झालं की वाईट, यावर गाडीप्रेमींमध्ये मोठा वाद असतो. मला त्या वादातला एक शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो शब्द आहे फॅमिली.

आधी नेमकं काय बदललं ते पाहू. जुन्या जीपच्या खाली लोखंडाच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे असतात. आडव्या टाकलेल्या शिडीसारखा तो सांगाडा. मिस्त्री लोक त्याला चासी म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे, चाकं सगळं या चासीला लागतं आणि वरची बॉडी त्यावर बोल्टांनी बसवलेली असते, बैलगाडीच्या साट्यावर हौदा बसवावा तशी. क्रॉसओव्हरमध्ये ही शिडी नसते. पत्रा, खांब, तळ आणि छप्पर मिळून एकच पेटी तयार होते आणि ती पेटीच सगळा भार पेलते. वजन कमी भरतं, गाडी वळणावर कमी कलते, पेट्रोल-डिझेल कमी लागतं, आत जागा जास्त मिळते. टाटांची सफारी १९९८ मध्ये आली तेव्हा ती चासीवरची होती, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात होती आणि हवी तर चारही चाकांना. २०२१ मध्ये तेच नाव घेऊन आलेली सफारी एकसंध पेटीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी आहे. १९९१ ची सिएरा मालवाहू पिकअपच्या चासीवर उभी होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये परतलेली सिएरा क्रॉसओव्हर आहे. पुण्याहून नगरकडे येताना रांजणगावचा कारखाना लागतो, तिथे २०१७ पासून जीप या मूळ नावाखाली कंपास तयार होते आणि तीही एकसंध पेटीचीच. तिथून पुढे शिरूरला घोड नदी ओलांडली की आपला जिल्हा सुरू होतो. इंग्लंडच्या लँड रोव्हर डिफेंडरनेसुद्धा २०२० पासून शिडी टाकून दिली. म्हणजे हा बदल एखाद्या कंपनीची लहर नाही, सगळ्या जगाचा प्रवाह त्या दिशेने वाहतो आहे.

या बदलावर हळहळणाऱ्यांचं म्हणणं असं की गाडी नरम झाली, तिचं पाणी गेलं, रानातली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधली गेली. या हळहळीत एक गृहीतक दडलेलं आहे: दणकट गाडी ही मुळात एकट्या साहसी पुरुषाची, आणि कुटुंब नंतर येऊन तिला बिघडवून गेलं. इतिहास याला दुजोरा देत नाही. जीप युद्धासाठी जन्मली हे खरं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. पण युद्ध संपता संपता, १९४५ मध्येच, विलीजने शेतकऱ्यासाठी तिची नागरी आवृत्ती काढली. तिला नांगर जोडता येत होता, इंजिनाच्या ताकदीवर शेतातली यंत्रं चालवता येत होती. १९४६ मध्ये त्याच कंपनीने पूर्ण पोलादी बॉडीची स्टेशन वॅगन आणली, ती तर उघडपणे घरच्यांना घेऊन फिरण्यासाठी होती. १९४८ ची पहिली लँड रोव्हरही शेतावरच्या कामासाठीच बेतलेली. रणांगण सोडल्यावर जीप थेट शेतात आणि घरात गेली. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ती जुळवायला घेतली आणि पुढच्या काळात ती महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचली, तेव्हाही ती शिकाऱ्याची किंवा सहलीची गाडी म्हणून पोचली नव्हती. सरकारी खात्यांच्या मागोमाग ती साखर कारखान्याच्या चेअरमनकडे, दूध संघाकडे, मग बागाईतदाराकडे आणि शेवटी प्रवासी भरणाऱ्या तरुणाकडे आली.

नगर जिल्ह्यात तर जीप म्हणजे घरच होतं, फक्त चाकांवरचं. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, चौदा तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे कडे, पूर्वेला पाथर्डी-जामखेडचं कोरडं माळरान. एसटी मोठ्या गावाला यायची. तिथून आत मळ्यांवर, वस्त्यांवर, तांड्यांवर, वाड्यांवर जायला कमांडर जीप, ट्रॅक्स किंवा काळी-पिवळी. यातली ट्रॅक्स ज्या कंपनीची, ती बजाज टेम्पो म्हणजे आजची फोर्स मोटर्स, उभारणारे नवलमल फिरोदिया नगरचेच. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया नगरचे वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. या मातीतल्या माणसाने काढलेल्या कारखान्याची गाडी या मातीतल्या माणसांना भरभरून वाहत राहिली, ही गोष्ट मला नुसती योगायोगाची वाटत नाही. अशा प्रदेशाला कोणती गाडी लागते हे त्या प्रदेशात वाढलेल्याला ठाऊक असतं. त्या गाडीच्या मागच्या भागात दोन लांब बाकडी समोरासमोर असायची. गुडघ्याला गुडघा लागायचा. बसणाऱ्यांना एकमेकांकडे पाहण्यावाचून इलाज नसायचा, म्हणून बोलणं व्हायचं: कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कांद्याला घोडेगावात काय भाव निघाला, कुणाची सोयरीक कुठे जुळली. बाकड्यांच्या मधल्या जागेत खताच्या गोण्या, दुधाच्या किटल्या, बाळंतिणीचं बोचकं. टपावर नवरीचं रुखवत. माहेरी आलेली लेक याच गाडीतून उतरायची आणि दवाखान्यात निघालेला म्हातारा याच गाडीत चढायचा. ही कौटुंबिक गाडी नव्हती तर कोणती होती?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दणकट गाडी आता कुटुंबाची झाली, हे विधान चुकीचं आहे. ती पहिल्यापासून कुटुंबाचीच होती. मधल्या काळात कुटुंबच आक्रसलं. पूर्वी गाडीच्या हिशेबात कुटुंब म्हणजे वस्ती होती: भाऊबंद, शेजारी, शेजाऱ्याची शाळेत जाणारी पोरं, वाटेत हात दाखवणारी म्हातारी. आता गाडीच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, दोन मुलं आणि फार तर आजी-आजोबा. गाडीचा दणकटपणाही त्याच मापाने आत ओढला गेला. आधी तो बाहेर खर्च व्हायचा, रस्त्याशी आणि ओझ्याशी झुंजण्यात. आता तो आत खर्च होतो, बसलेल्यांना धक्का, आवाज आणि धूळ लागू नये यासाठी. यातला एक हेतू थोर आणि दुसरा हलका, असं मला म्हणायचं नाही. आपल्या लेकरांना जपावं ही इच्छा कुठल्याही काळात योग्यच आहे. पण एका गरजेला उत्तर देताना दुसरी गरज संपली, असं समजणं ही मात्र चूक आहे, आणि ती चूक गाडीच्या यंत्रातच कशी उतरते हे पाहण्यासारखं आहे.

चढावर भरलेली गाडी घ्या. अकोल्यात राजूरच्या पुढे रतनवाडीकडे किंवा साम्रदकडे जाणारी वाट पावसात असते तशी: ओली, वळणाची, कडेला वाहून आलेला मुरूम आणि शेवाळलेले दगड. गाडी चढाला लागली की तिचं वजन मागे झुकतं. मागे माणसं आणि सामान असेल तर आणखी झुकतं. पुढची चाकं हलकी होतात, मागची जमिनीवर दाबली जातात. जी गाडी पुढच्या चाकांवर चालते तिची ताकद नेमकी हलक्या झालेल्या चाकांकडे जाते. ती जागेवर गरगरतात, खडी मागे फेकतात आणि गाडी सरकत नाही. जी मागच्या चाकांवर चालते तिच्यात उलटं घडतं. जितकी माणसं मागे, तितकी मागच्या चाकांची पकड घट्ट. ओझं तिला आवर घालण्याऐवजी बळ देतं. बैल जोताला जुंपल्यावर जसे खांदे देतात तसं तिचं आहे. कोरड्या, सपाट रस्त्यावर हा फरक कळतही नाही, आणि पुढच्या चाकांची गाडी तिथे स्वस्त, हलकी आणि अधिक जागेची पडते हे खरंच आहे. पण यावरून दिसतं की या दोन गाड्यांचे आराखडे दोन वेगळी गृहीतकं धरून निघाले आहेत. एकीने धरलं आहे की आपण भरून चालणार. दुसरीने धरलं आहे की आपण बहुधा रिकाम्याच असणार.

रिकाम्या गाडीचं हे गृहीतक आपल्या कायद्यातही शिरलं आहे. एसयूव्ही म्हणजे काय, हे जीएसटीच्या नियमांत लिहिलेलं आहे, कारण २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत त्यावर कराचा दर ठरत असे. लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, ही ती ओळख. २०२३ च्या जुलैमध्ये जीएसटी परिषदेने असंही स्पष्ट केलं की ही उंची गाडीत कुणी नसताना, ओझं नसताना मोजायची. कर गोळा करणाऱ्याला एक पक्कं माप हवं असतं, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण शब्दांकडे पाहा. चार चाकांना ताकद जाते का, चासी आहे का, भरलेल्या अवस्थेत पोट किती वर राहतं, चढावर काय होतं, यातलं काहीच त्या व्याख्येत नाही. सात माणसं आणि दोन पोती घेऊन गाडी पाणंदीत उतरते तेव्हा तिचे स्प्रिंग दबलेले असतात, आणि वरंबा घासतो तो त्याच दबलेल्या पोटाला. कारखानदाराला, कायद्याला आणि जाहिरातीला एकच गाडी दिसते, शोरूममध्ये दिव्यांखाली उभी असलेली रिकामी गाडी. शेतकऱ्याला दिसते ती भरलेली.

आता यावरचे आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की रस्तेच बदलले. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. ज्या गावांना पावसाळ्यात होडीच बरी असं वाटायचं तिथे डांबर पोचलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला, तो आपल्याच कोपरगाव तालुक्यातून जातो. ताशी १२० किलोमीटरच्या त्या रस्त्यावर उंच, जड, पाट्यांवर डुलणारी जुनी जीप घेऊन जाणं धोक्याचं आहे. तिथे क्रॉसओव्हरच बरी. हे मी पूर्ण मान्य करतो. खराब रस्त्याला उत्तर म्हणून चासी टिकली, रस्ता सुधारला तर चासी जावी, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. खड्ड्यांची आठवण म्हणून खड्डेवाली गाडी सांभाळणं हा शहाणपणा नव्हे. पण रस्ता सुधारला हे गावाच्या वेशीपर्यंत खरं आहे. वेशीच्या आत, मळ्यापर्यंत, वस्तीपर्यंतची वाट अजून मातीचीच असते. राज्य सरकारला २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढावी लागली, यातच त्याची कबुली आहे. आपल्या जिल्ह्यात लोक मळ्यात राहतात. घर रानात, रान पाणंदीवर, आणि पाणंद वाफसा होईपर्यंत बंद. शाळेचा, दवाखान्याचा, दुधाचा रस्ता वर्षातले काही आठवडे तिथेच अडतो. एका तालुक्यात समृद्धी आणि शेजारच्या तालुक्यात चिखल, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. गाड्यांच्या बाजाराने मात्र त्यातलं एकच खरं धरलं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा. समोरासमोरच्या बाकड्यांवर पट्टा नसायचा. दहा जणांच्या गाडीत अठरा बसायचे, चार मागे लोंबकळायचे. त्या गाड्या उलटल्या तेव्हा एकेका अपघाताने एका वस्तीतली चार-चार घरं उघडी पडली. बाया अवघडून बसायच्या, पोरं गुदमरायची. त्या गर्दीला गोडवा लावून सांगणं हे त्या माणसांशी अप्रामाणिकपणाचं होईल. क्रॉसओव्हरची पेटी अपघातात पुढून चुरगळत जाते आणि धक्का आपल्या अंगावर घेते, आतला माणूस वाचतो. हा मोठा उपकार आहे. फक्त यावरून दणकट चासी म्हणजे असुरक्षित असं जे अनुमान काढलं जातं ते बरोबर नाही. २०१६ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटवून पाहिली, तिला शून्य तारे मिळाले. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. दोन्ही चासीवरच्याच. २०२४ ची पाच दारांची थार रॉक्स हीदेखील चासीवरची, आणि भारत एनकॅपमध्ये तिनेही पाच तारे मिळवले. म्हणजे शून्य ते पाच हे अंतर शिडी काढून नव्हे, इच्छा धरून कापलं गेलं. मग तीच इच्छा, तीच बुद्धी, तोच पैसा दहा-बारा जणांना वाहणाऱ्या गाडीसाठी का लागू नये? प्रत्येकाला पुढे तोंड करून बसता येईल, प्रत्येकाला पट्टा असेल, म्हातारीला पाय टाकायला खाली पायरी असेल, अशी वस्तीची गाडी आखणं अवघड नाही. तिला गिऱ्हाईक नाही असं म्हणता येणार नाही; तिच्या गिऱ्हाइकाला ती बोलेरोच्या किंवा क्रूझरच्या रूपात वर्षानुवर्षं फारशी न बदलता मिळत राहिली, कारण त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

तिसरा आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो. एकसंध पेटी कमकुवत असते हा समजच जुना झाला, असं तज्ज्ञ सांगतात, आणि ते बरोबर आहेत. याचा पुरावा बघायला परदेशात जायला नको. नगरला १९४८ पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याच्याशी जोडलेलं रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये उभं राहिलं. तिथे रांगेने ठेवलेल्या बहुतेक रणगाड्यांच्या खाली शिडी नाही. जाड पोलादाची पेटी हाच त्यांचा सांगाडा. माणसाने बनवलेल्या जमिनीवरच्या वाहनांत सगळ्यात दणकट वाहन हे एकसंधच आहे. शिवाय विजेच्या गाडीत पुढे एक मोटर आणि मागे एक मोटर बसवली की चारही चाकांना ताकद मिळते. २०२५ ची हॅरियर ईव्ही तशीही मिळते. म्हणून माझा आग्रह शिडीसाठी नाही. शिडी हे साधन होतं, उद्या दुसरं साधन तेच काम अधिक चांगलं करेल तर ते घ्यावं. आग्रह कामासाठी आहे. आणि कामात दुरुस्तीही येते, हे विसरता कामा नये. पाटा तुटला तर नगर-मनमाड रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात मिस्त्री दोन तासांत दुसरा पाटा घालून देतो. चासीला चीर गेली तर पट्टी ठेवून वेल्डिंग करतो. एकसंध पेटी मुरगळली, किंवा एखाद्या सेन्सरने मान टाकली, तर गाडी उचलून तालुक्याच्या, बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते. ज्या घराचं पोट त्या गाडीवर चालतं त्या घरासाठी आठ दिवस गाडी उभी राहणं म्हणजे आठ दिवसांची चूल. दणकटपणाच्या मापात मोडल्यावर किती लवकर उभी राहते, हेही धरायला हवं.

मग नव्या क्रॉसओव्हरवर माझी हरकत कशाला? फक्त एका गोष्टीला: तिच्या वेषाला. दारांच्या खाली काळं प्लॅस्टिक, पुढच्या बंपरखाली चंदेरी पट्टी, टपावर रूळ, रुंद छाती, उंच बॉनेट. ही सगळी खुणांची भाषा आहे. चंदेरी पट्टी मूळची लोखंडी असायची, दगड इंजिनाला लागू नये म्हणून. टपावरचे रूळ ओझं बांधण्यासाठी. आता बऱ्याच गाड्यांत ती पट्टी रंगवलेल्या प्लॅस्टिकची असते आणि त्या रुळांना दोर बांधू नका असं पुस्तिकेत बजावलेलं असतं. कुडाच्या घराला दगडी चिऱ्याचा रंग द्यावा तसं हे आहे. शहरातल्या घेणाऱ्याला याने तोटा होत नाही. त्याला दिसणंच हवं असतं आणि ते मिळतं. तोटा होतो तो आयुष्यभराची पुंजी घालून, बँकेचं कर्ज काढून, मळ्याच्या वाटेसाठी गाडी घेणाऱ्याला. तो खुणा वाचतो, कारण त्याला वाचायला शिकवलेल्या खुणा त्याच आहेत. उंच दिसते म्हणजे पाणंदीत चालेल, असं तो समजतो. पहिल्या पावसात पुढची चाकं गरगरतात तेव्हा त्याला कळतं की आपण वेष विकत घेतला.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या जिल्ह्याच्या हाताशी आहे. आधी ग्लोबल एनकॅप होतं, २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप सुरू झालं. गाडी आपटवून पाहतात आणि तिला तारे देतात, घेणारा ते तारे विचारतो, आणि म्हणून कंपन्या सुधारल्या. शून्याचे पाच तारे होण्यामागे तो विचारणारा माणूस आहे. तसंच खराब वाटेचंही माप का नसावं? भरलेल्या गाडीची पोटाखालची उंची, भरलेल्या अवस्थेत ओल्या चढावर सुटण्याची ताकद, पाण्यात किती खोलीपर्यंत जाते, एक चाक हवेत उचललं गेलं तर उरलेली तीन चालतात का, मोडल्यास दुरुस्ती कुठे होते. पाच साध्या ओळी, काचेवर चिकटवलेल्या. अशा परीक्षा घेण्याचं ज्ञान नगरलाच आहे. शहराबाहेर वाहननगर नावाच्याच ठिकाणी डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना आहे. लष्कराच्या गाड्या घडवणं आणि पारखणं हे तिचं काम, आणि नागरी वाहनांना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांमध्येही ती आहे. सैनिकाला कुठल्या वाटेवर पाठवायचं हे ठरवण्याआधी गाडी कशी तपासावी हे जिथे माहीत आहे, तिथेच शेतकऱ्याची गाडी तपासायला काय हरकत आहे? असं माप आलं तर क्रॉसओव्हरवाल्यांचं काही बिघडणार नाही. उलट रस्त्यावरची गाडी म्हणून ती ताठ मानेने विकता येईल. आणि ज्या कंपनीला खरोखर भरून चालणारी, दहा जणांची, पट्ट्यांची, सुधारलेली गाडी करायची असेल तिला सांगायला काहीतरी आकडा मिळेल.

गाडी घराला कुशीत घेणारी व्हावी, याला कुणाची ना नसावी. कित्येक बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी पाट्यांच्या गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, त्यांच्या वाट्याला मऊ सीट उशिराच आली. पण घर किती मोठं धरायचं, याचं उत्तर गाडी आखणाऱ्याने एकट्याने देऊन टाकू नये. जून सरता सरता पाणंदीत पुन्हा पाणी साचेल, गेल्या हंगामाच्या नाळी भरून येतील, वरंब्यावरचं गवत तेवढं वर दिसेल. त्या वाटेच्या टोकाशी असलेल्या वस्तीवर कुणाला तरी कळा सुरू झालेल्या असतील, कुणाला शाळेत पोचायचं असेल, कुणाच्या किटलीतलं दूध नासायच्या आत डेअरीत जायला हवं असेल. त्या सगळ्यांना एका फेरीत, पट्टा लावून, पोट न घासता बाहेर घेऊन येईल ती गाडी, तिला चासी असो वा नसो, मी कौटुंबिक म्हणेन.